शाळेचे बोलावणे

"उद्या शाळेत या, मुख्याध्यापकांनी बोलाविले आहे," असा निरोप घरी आला म्हणजे बहुतेक आईबापांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा की, "पोराने काय केले?" इकडे शाळेत शिपायाने "एक पालक भेटावयास आले आहेत" असे सांगितले म्हणजे शिक्षकाच्या मनात येते, "आता कसली तक्रार?" घर आणि शाळा या दोहोंसही मुलाचे हितच हवे असते. असे असता एकमेकांचे नाव निघताच दोघांनीही प्रथम दचकावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. काही बिघडल्याखेरीज भेटावयाचे नाही, अशी जणू चालच पडून गेली आहे. आणि बिघडल्यानंतर होणाऱ्या भेटीत एक आरोपी व दुसरा फिर्यादी असाच देखावा उभा राहतो.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर त्यासाठी वार्षिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या कबनुरासारख्या गावात यावर मुलाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. ते कसे, हे आधी पाहू.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला व 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. तो सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलामुलींस लागू आहे. म्हणजे स्थूलमानाने पहिलीपासून आठवीपर्यंत. मूल नववीच्या वर्गात पाऊल टाकते आणि कायद्याने धरलेला हात सुटतो. नेमक्या याच वेळी मुलाचे हात घराच्या उपयोगी पडू लागतात. शेजारच्या इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग सुरू झाला. त्या एका मागाच्या मागोमाग जो धंदा वाढला, त्याने कबनुरासह आसपासची कित्येक गावे व्यापिली. माग आहे, सायझिंग आहे, कांड्या भरण्याचे काम आहे. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास, घरच्या व्यवसायातील शाळेबाहेरच्या वेळेतील मदतीचा अपवाद सोडता, 2016 च्या दुरुस्तीपासून पूर्ण बंदी आहे; पण चौदा ते अठरा या वयात ती बंदी धोक्याच्या कामांपुरतीच उरते. मुलीच्या बाबतीत धाकट्या भावंडांचा सांभाळ आणि घरकाम ही निमित्ते होतात, आणि अठरा वर्षे पुरी झाल्याखेरीज विवाह करू नये असा कायदा असूनही काही घरांत लग्नाची बोलणी याच सुमारास सुरू होतात.

सारांश, जे वय सर्वांत नाजूक, त्या वयात मुलास शाळेत टिकवून धरणारा कायदा नाही. तेथे उपयोगी पडतो तो घर आणि शाळा यांमधला विश्वासच. "गुरुजी, यंदा फार ओढाताण आहे, मुलास कामावर घालावे म्हणतो," हे वाक्य बापाने नाव कमी करण्यापूर्वी शाळेत येऊन सांगितले, तर काही मार्ग निघू शकतो. ते सांगण्याइतकी ओळखच नसेल, तर शाळेस कळते ते हजेरीपटावरील लागोपाठच्या गैरहजेरीवरून, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आता कोणी म्हणेल की, पूर्वी हा प्रश्न नव्हता; पूर्वीचे पालक गुरुजींवर सर्वस्वी विश्वास ठेवीत. "वाटेल तर मारा, पण शहाणे करा," असे म्हणून मुलास स्वाधीन करीत. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ज्यांना स्वतःस अक्षर येत नव्हते, ते प्रश्न तरी काय विचारणार? तो विश्वास पुष्कळ अंशी डोळे मिटलेला होता, आणि त्यात भीतीही मिसळलेली होती. आजचा पालक फी कशाची, गुण का कमी, बाई काय म्हणाल्या, असे विचारतो. हे पाहून शिक्षकाने खेद मानण्याचे कारण नाही. शाळेनेच त्यास किंवा त्याच्या वडिलांस लिहावयास वाचावयास शिकविले, त्याचे हे फळ होय. उघड्या डोळ्यांचा विश्वास मिळविणे कठीण खरे, परंतु टिकतोही तोच.

शिवाय पूर्वी सर्व आलबेल होते हेही खरे नव्हे. आमच्या भागाच्या शाळांचा इतिहास पाहिला तर तो मोठ्या अंशी पालकांचा अविश्वास दूर करण्याचाच इतिहास आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर हे 1852 साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढिल्या. त्या काळी मिशनच्या शाळेत मूल घालणे म्हणजे धर्मास मुकणे, अशी पुष्कळांची समजूत होती. महाराष्ट्रात मुलींच्या शाळांविषयी तर सर्वत्र संशय होता. 1848 साली जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा काढिली, तेव्हा त्यांस स्वतःच्या घरादारासही मुकावे लागले. पहिल्या पिढीतील शिक्षकांस वर्गात धडा शिकविण्यापूर्वी घराच्या उंबऱ्यावर आईबापांची समजूत घालावी लागे.

पुढे छत्रपती शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळी कष्टकऱ्यास ही रक्कम जड होती. पण महाराज केवळ दंडावर विसंबून राहिले नाहीत. त्यापूर्वीच, 1901 पासून, त्यांच्या प्रोत्साहनाने व साहाय्याने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली होती. खेड्यातील बापास शहरात पाठविलेले आपले मूल कोठे झोपेल, काय जेवील, कोणाच्या नजरेखाली राहील, ही चिंता असते, हे त्यांनी ओळखिले. दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते; त्याने आत टिकावे, यासाठी बापाची चिंता कोणी तरी वाहावी लागते.

याच वसतिगृहांच्या वातावरणात शिकलेले आमच्या हातकणंगले तालुक्यातील एक विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे झाला. 1919 साली त्यांनी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, व 1924 साली ती साताऱ्यास नेली. त्यांच्या कार्यातील मुष्टिफंडाची रीत आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. गावातील प्रत्येक घराने रोज मूठभर धान्य मुलांच्या शिक्षणासाठी बाजूस काढून ठेवावे, अशी ती योजना. एका मुठीची किंमत ती काय? परंतु जी बाई रोज आपल्या हाताने ती मूठ काढी, तिला ती शाळा परक्याची कशी वाटेल? आणि हा व्यवहार एकतर्फी नव्हता. वसतिगृहातील मुलांस धान्य कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडावयास दिले. घराने मूठ दिली आणि शाळेने गळ्यातील सौभाग्यलेणे दिले. असा विश्वास परिपत्रकाने उत्पन्न होत नाही.

दुसरे उदाहरण कोसबाडचे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे व नंतर 1957 पासून कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी काम केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी आईबापांस दोष देण्याऐवजी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आज घरोघरी ठाऊक असलेला शब्द तेथला. गुरे राखण्यास जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली, म्हणजे गुरे जेथे चरत तेथेच शिक्षण. मुलाने गुरे राखणे ही त्या घराची गरज होती. तिचा धिक्कार न करिता तिच्यातून वाट काढिली, म्हणून घरांनी दारे उघडिली.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे, व आपल्यासारख्याच वस्त्रोद्योगाच्या नगरातले. 2020 साली महामारीमुळे शाळा बंद होत्या आणि शिक्षण मोबाइलवर गेले होते. सोलापुरात निलमनगर भागात यंत्रमागावर व कापडाच्या धंद्यात राबणाऱ्या कामगारांची वस्ती आहे. तेथे घरोघरी मोबाइल कोठून असणार? तेव्हा तेथील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगविले. मुले येता जाता वाचीत. आईबापांसही, आपले मूल काय शिकते आहे, हे स्वतःच्याच भिंतीवर दिसू लागले.

या उदाहरणांत काळ निराळा, प्रदेश निराळा. पण एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी पहिले पाऊल शाळेने टाकिले, आणि ते तक्रार घेऊन नव्हे. घराची अडचण आधी समजून घेतली, आणि मग घरापाशी काही मागितले.

आता आमच्या गावाकडे वळू. मागावर काम करणाऱ्या पुष्कळांची पाळी बारा बारा तासांची असते, आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापाने मिळते. अशा माणसास दुपारी अकरा वाजता पालकसभेस बोलाविले, तर तो मागावरून उठतो तितका वेळ त्याची मजुरी बुडते. रात्रपाळी करून आलेला असेल तर ती त्याची झोपेची वेळ असते. तो आला नाही की सभेत म्हटले जाते, "पालकांना मुलांची काळजीच नाही." हा निष्कर्ष घाईचा आहे. काही कुटुंबे कर्नाटकातून, काही उत्तर भारतातून पोटासाठी आलेली. त्यांच्या घरी मराठी चिठ्ठी वाचणारे एकटे ते मूलच असते. ज्याच्याविषयी चिठ्ठी, त्यानेच ती वाचून दाखवावयाची! तो कोणती ओळ मोठ्याने वाचील आणि कोणती गिळील, हे सांगावयास नको.

माग चालविणाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते. ताण्याचा धागा तुटला तर तो तेव्हाच सांधावा लागतो. धागा एकच, म्हणून दुर्लक्ष केले, तर कापड पुढे सरकत जाते आणि तितक्या लांबीवर दोष उमटतो. मग सारे कापड बाजारात कमी भावाने जाते. मुलाच्या गैरहजेरीचे असेच आहे. समजा, नववीतील एक मुलगा सोमवार, मंगळवार, बुधवार असा तीन दिवस आला नाही. एका शाळेत हजेरीपटावर तीन खुणा झाल्या. महिनाअखेर घरी छापील पत्र गेले : "आपल्या पाल्याची उपस्थिती असमाधानकारक आहे, तरी तात्काळ भेटावे." बापाने पत्र पाहिले, घाबरला, आणि भेटावयास जाण्याऐवजी मुलास म्हणाला, "तुला शिकावयाचे नसेल तर चल मागावर." दुसऱ्या शाळेत बुधवारी सायंकाळीच वर्गशिक्षकांनी फोन केला, किंवा वाटेवर घर होते म्हणून दारात डोकावले : "तीन दिवस दिसला नाही, बरा आहे ना?" तेव्हा कळले की, आई आजारी असून घरी कांड्या भरावयास कोणी नाही. सकाळी दोन तास काम करून मधल्या सुटीपर्यंत येण्याची मुभा आठवडाभर दिली, राहिलेला अभ्यास एका मित्राने वहीतून उतरवून दिला, आणि मुलगा टिकला. दोन्ही शाळांनी कर्तव्य बजाविले असे कागद म्हणेल. पण पहिल्या शाळेने घरास जाब विचारला. दुसरीने विचारपूस केली.

नव्या करारातील हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आमच्या वाचकांस परिचित आहे. नव्याण्णव मेंढरे सुखरूप असता मेंढपाळ एकाच्या शोधास निघतो. त्यात लक्षात घेण्यासारखे हे की, एक कमी आहे हे त्यास त्याच दिवशी समजले. कारण तो रोज मोजीत होता. आणि सापडल्यावर त्याने ते मेंढरू मारीत आणिले नाही, खांद्यावर घेतले.

कायद्यानेही या बाबतीत शिक्षकांवर जबाबदारी टाकिली आहे. 2009 च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित भेटी घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांस कळविणे हे त्यांपैकी एक होय. सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क नियमनाच्या कायद्याने पालक-शिक्षक संघाची तरतूद केली आहे. हे सर्व चांगले आहे. परंतु सही घेण्यापुरती सभा भरली तर नियम पाळला जातो आणि विश्वास आहे तेथेच राहतो. समितीत बसलेल्या बाईंस हिशेबाचा कागद नीट समजावून सांगितला, आणि त्यांनी शंका काढिली असता कोणी कपाळास आठ्या घातल्या नाहीत, तरच ती समिती जिवंत म्हणावयाची.

तेव्हा आम्ही शिक्षकांनी काय करावे? एक, वर्षारंभी पहिल्या महिन्याच्या आत प्रत्येक घराशी एकदा तरी बोलावे, आणि ते बोलणे मुलाच्या एखाद्या चांगल्या गोष्टीचे असावे. हस्ताक्षर सुधारले, खेळात पुढे आहे, धाकट्यांस सांभाळून घेतो. खरी असेल ती कोणतीही गोष्ट चालेल, पण ती खरीच असली पाहिजे, कारण खोटी स्तुती पालकास लगेच ओळखू येते. ज्या शाळेकडून आधी चांगले ऐकिले आहे, तिच्याकडून पुढे कडू ऐकून घेण्याची मनाची तयारी होते. दोन, सभेची वेळ पाळी पाहून ठरवावी. एक सभा सकाळी व तीच पुन्हा सायंकाळी घेतल्यास दोन्ही पाळ्यांचे लोक येऊ शकतील. तीन, मुलाचा दोष चारचौघांत वाचून दाखवू नये. कौतुक सभेत, उणीव एकांतात. चार, नुसते गुण सांगू नयेत, वही उघडून दाखवावी. "गणितात 35" एवढ्याने बापास काही कळत नाही. "बेरीज वजाबाकी उत्तम, भागाकारात अडतो" म्हटले तर त्यास घरी काय विचारावे हे कळते.

पालकांनीही आपली बाजू पाहावी. मुलाने घरी सांगितलेली हकीकत खोटी असते असे नाही, पण ती बहुधा अर्धी असते. ती ऐकून मोबाइलवरील पालकांच्या समूहात लगेच लिहू नये. समूहात पडलेला शब्द घटकेत पन्नास घरी जातो आणि उद्या खरी गोष्ट उघड झाली तरी तो परत घेता येत नाही. आधी शिक्षकांस विचारावे, समाधान न झाल्यास मुख्याध्यापकांस भेटावे. तक्रार करण्याचा आपणांस हक्क आहे. तो योग्य दारी बजावावा इतकेच आमचे सांगणे. मुलासमोर शिक्षकाची निंदा करू नये, जसे शिक्षकाने वर्गात त्याच्या आईबापांविषयी वावगे बोलू नये. कारण ज्या दोघांवर मुलाने भरवसा ठेवावयाचा, तेच एकमेकांस हलके लेखीत असतील तर ते मूल दोघांपासूनही दुरावते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरात पैशाची, आजाराची वा स्थलांतराची अडचण आली तर ती शाळेपासून लपवू नये. गरिबी सांगण्यात कमीपणा नाही. शिष्यवृत्ती, पुस्तकांचे साहाय्य, वेळेची सवलत, यांपैकी काय मिळू शकेल हे विचारल्याशिवाय कळणार नाही. आठवीच्या अखेरीस तर प्रत्येक पालकाने स्वतः होऊन एकदा यावे आणि पुढील दोन वर्षे मुलास कसे शिकवावयाचे, याची मोकळी चर्चा करावी. दहावीची परीक्षा दोन वर्षांवर असते. तेवढा काळ निभावला तर पुढील वाटा खुल्या राहतात.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही दोन शब्द. घर आणि शाळा यांमधून रोज ये-जा करणारे तुम्ही एकटेच आहात, म्हणून खरे निरोपे तुम्हीच. दप्तराच्या तळाशी चुरगळलेली चिठ्ठी, घरी एक आणि शाळेत एक असे सांगितलेले कारण, बाबांच्या नावाने स्वतः केलेली सही, या गोष्टी त्या दिवसापुरत्या तुम्हांस वाचवितात. परंतु पुढे तुम्ही खरे बोललात तरी कोणी चटकन मानीत नाही. निरोप जसाच्या तसा पोहोचवा. कमी गुण मिळाले तर ते आधी तुमच्याच तोंडून घरी कळू द्या. आईस मराठी वाचता येत नसेल तर तिला चिठ्ठी पुरी वाचून दाखवा, नको असलेल्या ओळीसकट. घरी काही दुःख असेल, शाळेत कोणी त्रास देत असेल, तर ज्या मोठ्या माणसावर तुमचा भरवसा असेल त्यास सांगा. सांगण्यास लाजू नका. तुमचे ऐकून घेणे हे आमचे व तुमच्या आईबापांचे कामच आहे.

नवे वर्ष सुरू होईल तेव्हा शाळेचे बोलावणे पुन्हा घरोघरी जाईल. ते हाती पडताच "पोराने काय केले?" असे न म्हणता "चला, गुरुजींना भेटून येऊ" असे आईबापांनी म्हणावे, इतकी आमची इच्छा आहे. ती पुरी होण्यासाठी पहिले बोलावणे गोड करण्याचा भार आम्ही शिक्षकांनी उचलावा हे उचित. ते मान देऊन यावे, ही पालकांस विनंती. आणि ते वाटेत न हरविता घरी पोहोचवावे, ही आमच्या विद्यार्थ्यांस प्रेमाची सूचना.